फाल्गुन दोन दिवसांत मावत नाही

दापोली,
माघ वद्य पंचमी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. होळीला दोन दिवसांची रजा टाकायची आणि एकाच फेरीत कोकणचा शिमगा, गोव्याचा शिगमो, नाशिकच्या रहाडीतली रंगपंचमी असं सगळं बघून घ्यायचं, हा तुझा बेत वाचला. तो जमणार नाही. लांब अंतरं ही पुढची अडचण. मुळात या गोष्टी एका दिवशी नसतातच. फाल्गुनात प्रत्येक गावानं आपली तिथी वेगळी धरली आहे आणि तीन कोसांवरचं गाव ती पाळेलच असं नाही. म्हणून महिना कसा चालतो ते आधी सांगतो, मग रजा कधी टाकायची ते तूच ठरव.

ज्या चांद्रमासात सूर्य मीन राशीत जातो तो फाल्गुन. हे संक्रमण १४ मार्चच्या आसपास होतं. त्यामुळे होळीची पौर्णिमा फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत कुठेही पडते. आपला महिना अमावस्येला संपतो, म्हणजे होळी झाल्यावरही जुन्या वर्षाचा एक पंधरवडा शिल्लक असतो आणि मग पाडवा. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. तिकडे होळीबरोबर फाल्गुन संपला, आणि बिहार-उत्तर प्रदेशात होळी पेटवण्याला ‘संवत जाळणं’ असंच म्हणतात. शकाचा किंवा संवताचा आकडा मात्र तिकडेही चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच बदलतो. तुझ्या ऑफिसच्या भिंतीवर सरकारी सौर दिनदर्शिका असेल तर तिच्यावर विसंबू नकोस. मेघनाद साहांच्या समितीनं सुचवलेली आणि २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली ती दिनदर्शिका २० फेब्रुवारीला फाल्गुन सुरू करते आणि तीस दिवसांत संपवते. २०२४ ची होळी २४ मार्चला होती. सरकारी हिशेबानं तो चैत्राचा चौथा दिवस! भिंतीवर साधं कालनिर्णय लाव, आणि घरात कुणी मुहूर्तावर वाद घालणारं असेल तर दाते पंचांगही आण.

शेवटचा म्हणून ओळखला जाणारा हा महिना एके काळी पहिला होता. फाल्गुनी पौर्णिमा हे संवत्सराचं मुख, असं वेदांच्या ब्राह्मणग्रंथांत स्पष्ट म्हटलं आहे आणि चातुर्मास्य यागांतलं, म्हणजे दर चार महिन्यांनी करायच्या यज्ञांतलं, पहिलं पर्व, वैश्वदेव, त्या दिवशी होई. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये वर्षारंभ कसा सरकत गेला याचा जो युक्तिवाद मांडला, त्यात याच वचनाला मोठं वजन आहे. त्यांनी काढलेला काळ सगळ्यांना मान्य नाही, पण वचन जिथल्या तिथे आहे. होळीच्या आगीत वर्ष संपल्याचा आणि सुरू झाल्याचा असे दोन्ही भाव का दिसतात, याचं मला तरी हेच सर्वांत पटणारं कारण वाटतं. प्रल्हाद आणि होलिकेची गोष्ट आज सर्वत्र सांगतात. पण महाराष्ट्रातल्या बोंबेचा उलगडा तिच्यातून होत नाही. तो भविष्योत्तर पुराणातल्या ढुंढा राक्षसीच्या कथेतून होतो. रघुराजाच्या राज्यात ती मुलांना छळू लागली. मोकळ्या तोंडाच्या, शिव्या देणाऱ्या, आग पेटवून दंगा करणाऱ्या पोरांपुढे तिचं काही चालत नाही, हा उपाय मग राजाला सांगितला गेला. तळहाताची उलटी बाजू तोंडावर आपटून पोरं जी बोंब मारतात, तिला असा थेट पुराणाचा परवाना आहे.

आणखी एक. रंग ही आपल्याकडे नंतरची भर आहे, चिखल जुना. हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतात, फाल्गुनाच्या उत्सवात कुणीतरी एका तरुणीला चिखल माखल्याची गाथा आहे आणि ‘आता तो धुतेस कशाला’ असं तिला कुणीतरी चिडवतं आहे. खेड्यातली खरी धुळवड अजून तशीच असते, राख, शेण आणि चिखलाची. होळीची राख अंगाला लावायची, तिला वंदन करायचं आणि मग खेळायचं. त्याच दिवशी, वद्य प्रतिपदेला, आंब्याचा मोहर चंदनाबरोबर खाण्याचा विधी धर्मसिंधूत दिला आहे. तो आता फारसं कुणी करत नाही. रंगाचा दिवस पंचमीचा. मुंबईनं आणि हिंदी सिनेमानं तो धुळवडीला ओढला. पुण्यातल्या सोसायट्याही आता तेच करतात. मला ते आवडत नाही, पण पंचमीला सुट्टी नसते हे त्यामागचं साधं कारण मान्य करायला हवं.

आता मुहूर्ताचा घोळ, कारण दर वर्षी तुझा फोन त्यासाठीच येतो. होळी पेटवायची ती प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर, पौर्णिमा असताना आणि भद्रा, म्हणजे पंचांगात अशुभ मानलेला अर्ध्या तिथीचा काळ, नसताना. अडचण अशी की पौर्णिमेचा पूर्वार्ध हा नेहमीच भद्रेचा असतो. तिथी दिवसा सुरू झाली की पुढचे सुमारे बारा तास भद्रा चालणार. २०२५ मध्ये हेच झालं. १३ मार्चला सकाळी साडेदहाच्या सुमारास पौर्णिमा लागली आणि भद्रा रात्री साडेअकराच्या सुमारास संपली. दुसऱ्या दिवशी दुपारीच पौर्णिमा संपत होती, त्यामुळे होळी पुढे ढकलायलाही जागा नव्हती. अशा वेळी भद्रा मध्यरात्रीच्या आत संपत असेल तर ती संपल्यावर पेटवावी, नाहीतर भद्रेचं मुख, म्हणजे तिचा सर्वांत अशुभ भाग, टाळून पुच्छाच्या, म्हणजे त्यातल्या त्यात चालणाऱ्या, घटका घ्याव्यात अशी सोय ग्रंथांत आहे. सोसायटीत लहान मुलं आहेत म्हणून साडेसातला पेटवली तर आभाळ कोसळत नाही. पण वाद होणार असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

याच भद्रेवरून रत्नागिरी जिल्ह्यात गावांचे दोन गट पडले आहेत: ‘तेरसे’ शिमगे आणि ‘भद्रेचे’ शिमगे. तेरसेवाल्या गावांत त्रयोदशीलाच होळी उभी राहते, भद्रेवाले पौर्णिमेपर्यंत थांबतात. तू पौर्णिमेला तेरसे शिमग्याच्या गावी पोचलास तर मुख्य प्रसंग होऊन गेलेला असेल आणि पालखी घरोघर फिरत असेल. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी गावात एकच प्रश्न विचारायचा: तुमचा शिमगा तेरसा की भद्रेचा?

शिमग्याची सुरुवात त्याहूनही आधी, शुद्ध पंचमीला होते. तिला फाकपंचमी म्हणतात. त्या दिवसापासून पोरं रोज संध्याकाळी लहान होळी पेटवतात. मोठ्या होळीसाठी झाड कोणतं हे गावाच्या रिवाजावर: कुठे आंबा, कुठे सुरमाड, कुठे पोफळ, कुठे सावर. झाड आधी हेरून, मालकाला सांगून, नारळ ठेवून तोडतात. तोडल्यावर ते खांद्यावरून नाचवत आणतात आणि वाटेत जमिनीला टेकू देत नाहीत. शेंड्याला आंब्याच्या डहाळ्या बांधतात. उभं करणं हे खरं कौशल्याचं काम. बुंधा खड्ड्याच्या तोंडाशी आणतात, शेंड्याकडून बांबूंच्या कैच्या लावतात आणि ढोलाच्या ठेक्यावर एकेक पाऊल पुढे सरकत झाड वर घेतात. अपघात होतो तो कैची आळीपाळीनं न सरकवता दोन्ही एकदम काढल्यावर. त्या वेळी प्रेक्षकांनी झाडाच्या रेषेत उभं राहायचं नाही. बाजूला, झाडाच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर थांब. फोटो तिथूनही येतो.

ग्रामदेवतेला ‘रूपं लावणं’ म्हणजे चांदीचे मुखवटे पालखीत बसवणं. पालखी सहाणेवर, म्हणजे ती टेकवायच्या गावच्या ठरलेल्या जागी, येते, गाऱ्हाणं होतं, मानकऱ्यांचे मान होतात आणि मग ती नाचते. नाचवणारे दोघं उंचीनं आणि ताकदीनं सारखे लागतात. एकाचा खांदा खाली गेला की दांडी कलते आणि देव एका बाजूला सरकतो, म्हणून जुन्या जोड्या सहसा मोडत नाहीत. काही गावांत ‘खुणा काढणं’ असतं: जमिनीत लपवलेली खूण पालखीनं शोधायची. श्रद्धा असो वा नसो, खांद्यावरच्या ओझ्याचे झोके बघण्यासारखे असतात. रत्नागिरी शहरात बारा वाड्यांच्या भैरीची पालखी पाहा. गर्दी प्रचंड, पण जवळ राहायची सोय मिळते. आतल्या गावांत ती नसते, कारण त्या आठवड्यात मुंबईहून आलेले चाकरमानी प्रत्येक घराची पडवी भरून टाकतात. पालखी ज्या घरी जाते तिथे ओटी भरतात, नवस फेडतात. पाहुण्यानं नारळ आणि दक्षिणा जवळ ठेवावी. नमन-खेळे, म्हणजे सोंगं आणि नाचाचे गावचे खेळ, रात्री उशिरा सुरू होतात. संकासुराचं काळं सोंग आणि गोमूचा नाच बघायचा असेल तर दुपारी झोप काढ. रस्त्यात दोरी आडवी धरून पोरं ‘शबय’ मागतील. सुट्टे पैसे खिशात असू देत.

गोव्यात दोन शिगमे आहेत. धाकटा शिगमो पौर्णिमेपर्यंत, मुख्यतः आतल्या कष्टकरी गावांत. व्हडलो शिगमो पौर्णिमेपासून पुढे. शहरांतल्या चित्ररथांच्या मिरवणुका पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, वास्को अशा वेगवेगळ्या संध्याकाळी होतात आणि जाहीर वेळेपेक्षा उशिरा सुरू होतात. त्यात रोमटामेळाचे, म्हणजे नाचत जाणाऱ्या जथ्यांचे, ढोल आणि ‘ओस्सय ओस्सय’चा गजर ऐकण्यासारखा असतो, पण चित्ररथ मला भडक वाटतात. खरी घोडेमोडणी डिचोली-सत्तरीच्या बाजूला पाहा. कमरेला लाकडी घोड्याचा सांगाडा, हातात तलवार आणि ढोल-ताशांवर पुढे-मागे पडणारी पावलं. केपे तालुक्यातल्या मळकर्णेला शेणी उजो असतो. तिथे पोफळीवर चढून पेटत्या शेणींचे, म्हणजे गोवऱ्यांचे, निखारे खालच्यांच्या अंगावर झाडतात. खाली उभे असतात ते व्रत पाळलेले लोक. आपण दूर राहायचं.

घाटावर महिन्याचा दुसरा पंधरवडा अधिक भरलेला असतो. वद्य द्वितीयेला तुकाराम बीज. शके १५७१ मधल्या याच तिथीला तुकोबा गेले. देहूत भर दुपारी, नांदुरकीच्या झाडाखाली कीर्तनाच्या शेवटी फुलं उधळतात. पुण्याहून सकाळी लवकर निघायचं आणि गाडी गावाच्या बाहेर लावायची. तृतीयेला तिथीनुसार शिवजयंती. षष्ठीला पैठणची नाथषष्ठी. शके १५२१ मध्ये एकनाथांनी याच तिथीला देह ठेवला. यात्रा षष्ठी, सप्तमी, अष्टमी अशी तीन दिवसांची आणि शेवटी काला. तिथली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र गर्दीत दडलेली आहे. नाथांच्या वाड्यातला रांजण बिजेपासून भाविक गोदावरीच्या पाण्यानं भरू लागतात. तो भरून वाहिला की श्रीखंड्या, म्हणजे नाथांघरी पाणी भरणारा कृष्ण, पाणी घालून गेला असं मानतात. अमावस्येला वढू-तुळापूरला संभाजी महाराजांचं स्मरण असतं, १६८९ च्या फाल्गुन अमावस्येचं. तो दिवस शांतपणे पाळायचा. आणि खानदेशच्या टोकाला, सातपुड्यात, अक्कलकुव्याजवळच्या काठीची राजवाडी होळी. तिच्या आधीचे आठवडी बाजार ते भोंगऱ्या. उंच बांबू उभा करतात, घुंगरं, मोरपिसं आणि दुधीभोपळे बांधलेले बुवा रात्रभर नाचतात आणि होळी पहाटे पेटते. संध्याकाळी पोचून रात्री परत फिरलास तर काहीच पाहिलं नाहीस.

नाशिकचं वेगळंच. धुळवडीला तिथे वीर निघतात, दाजिबा वीराची मिरवणूक त्यातली मोठी. रंग पंचमीलाच, आणि तो रहाडीत. रहाड म्हणजे जुन्या गल्ल्यांतला दगडी बांधणीचा हौद. वर्षभर वर लाकडी बल्ल्या आणि माती टाकून तो बंद असतो; त्यावरून वाहनं जातात. पंचमीच्या आधी उघडून साफ करतात, कढयांत फुलं उकळून रंग करतात, पूजा होते आणि मग उड्या. उडीला ‘धप्पा’ म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आणि मानकरी ठरलेले. दुपारी लवकर जा, चष्मा आणि मोबाइल मुक्कामी ठेव, आणि अंगावर परत घालायचे नसतील असेच कपडे घाल.

प्रवास बाजूला ठेव. घरी करायचं ते आता लिहितो. होळीला मोठं लाकूड लागत नाही. दीड फुटाचा खड्डा, मधोमध एरंडाची फांदी आणि ऊस, भोवती सुळक्यासारख्या रचलेल्या पन्नास-साठ गोवऱ्या, बुडाशी पेंढा. वाऱ्याच्या बाजूला एक वीतभर फट ठेवायची. ती नसली की पेंढा जळून जातो आणि गोवऱ्या नुसत्या धुमसतात. ओल्या फांद्या घालू नकोस. झाडही वाचतं आणि डोळेही. डांबरावर पेटवायची वेळ आलीच तर आधी चार बोटं वाळू पसरा, नाहीतर डांबर वितळतं. वर तारा नाहीत ना ते उजेडीच बघा. पाण्याची धार धरून प्रदक्षिणा, नैवेद्य, नारळ. पोळी आगीत टाकण्याऐवजी गोळा करून वाटा, हा अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा आग्रह मला शंभर टक्के मान्य आहे. चतकोर तुकडा अग्नीला पुरतो.

पुरणाचं प्रमाण तुझ्या घरी दर वर्षी चुकतं असं वहिनींनी कळवलं होतं. एक किलो हरभरा डाळ दोन तास भिजवा. कट हवा असेल तर तिप्पट पाणी घालून शिजवा. दाणा दोन बोटांत दाबला की पिठासारखा झाला पाहिजे. इथेच घाई होते. कच्च्या डाळीत गूळ पडला की ती पुढे कितीही शिजवली तरी मऊ होत नाही, आणि त्या कणीच पोळी फाडतात. कट पूर्ण निथळू द्या, मग एक किलो गूळ; कमी गोड हवं तर पाऊण. मंद आचेवर सतत ढवळायचं, उलथनं उभं राहिलं की उतरवायचं. लगेच, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार पुरण यंत्र अडवून बसतं. जायफळ आणि वेलची शेवटी, आधी घातली तर वास उडतो. एवढ्या पुरणाला सहाशे ग्रॅम कणीक लागते, हवा तर त्यात पाव भाग मैदा. नेहमीच्या पोळीपेक्षा सैल भिजवा, तेलाचा हात लावून मळा आणि दोन तास मुरू द्या. कणीक आणि पुरण सारख्याच मऊपणाचे हवेत. पुरण घट्ट नि कणीक सैल असेल तर पुरण मध्येच राहतं आणि कडा रिकाम्या. उलट झालं तर पुरण बाहेर येतं. लाटताना तांदळाची पिठी, मध्यम आच, आणि उलटायची एकदाच. पंचवीसेक पोळ्या होतात. सैल पुरण फ्रीजमध्ये ठेवून सुधारत नाही. परत आटवावं लागतं. कटाच्या आमटीत दोन चमचे पुरण, गोडा मसाला, चिंच, भाजलेलं खोबरं. ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, म्हणून मुद्दाम जास्त करा.

रंगासाठी पळस. फुलं याच महिन्यात पडतात. शंभर ग्रॅम सुकी फुलं दोन लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळा, रात्रभर ठेवा, फडक्यातून गाळा. रंग पिवळा-केशरी येतो. चिमूटभर खायचा चुना घातला की तो गडद नारिंगी होतो, लिंबू पिळलं तर परत पिवळ्याकडे जातो. भांडं स्टीलचं किंवा पितळेचं. लोखंडी कढईत रंग काळपट पडतो. चुना चिमटीपेक्षा जास्त झाला तर कातडी चुरचुरते. हा रंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबतो, तेव्हा आदल्या रात्रीच करायचा. पांढऱ्या सुती कपड्यावर तो टिकतो हे मात्र आधी सांगून ठेव. खेळण्यापूर्वी अंगाला खोबरेल लावलं की विकतचे रंगही लवकर सुटतात. रॉकेलनं घासू नये, त्वचा सोलवटते.

तर आता रजेचं. कोकण हवं असेल तर त्रयोदशीच्या आदल्या दिवशी येऊन प्रतिपदेपर्यंत राहा. नाशिक आणि पैठण हवं असेल तर होळी घरी करून चतुर्थीला नीघ: पंचमीला रहाड, षष्ठीला पैठण, जोडून बसतं. दोन्ही हवं असेल तर आठ दिवसांची रजा टाक. कोकण रेल्वेचं आरक्षण खुलं होताक्षणी संपतं, होळीच्या जादा गाड्या आयत्या वेळी जाहीर होतात. एसटीचं तिकीट हाताशी ठेव. तेरसं की भद्रेचं ते मी इथल्या दोन-तीन गावांत विचारून ठेवतो. तुझी तारीख ठरली की कळव, म्हणजे सहाणेजवळच्या कुणाच्या तरी पडवीत तुझी वळकटी टाकायला सांगतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक